देवस्थानासाठी अग्निशामक घेताना

डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाईटक्लबला आग लागून 25 माणसं गेली. बहुतेक तिथं राबणारे कामगार होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या देवस्थान कमिटीची जत्रेची बैठक भरली. मंडप, नाटक, लाईट, महाप्रसाद असे नेहमीचे विषय चालले होते, तेवढ्यात एका वयस्क महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या सभासदांनी, विचारलं, "उजो लागलो जाल्यार आमचेकडेन कितें आसा?" (आग लागली तर आपल्याकडे काय आहे?)

धड उत्तर कुणाकडेच नव्हतं. अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) जिन्याखाली दोन लाल नळकांडी होती. एकाचा काटा लाल पट्ट्यात टेकलेला. दुसऱ्याला काटाच नाही, नुसता काळा भोंगा, म्हणून ते बिघडलंय असं सगळे धरून चालले होते. भांडारात तांब्याच्या हंड्यांमागे तिसरं एक निघालं, शंकूच्या आकाराचं, टोकाला ठोकायची गुंडी असलेलं. पूर्वी सिनेमा थिएटरांत दिसायचं तसलं.

मी कमिटीचा चिटणीस, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. एका विक्रेत्याला फोन केला तर त्याने जागा न बघताच भाव सांगितला: सहा किलोचे एबीसी पावडरचे दहा अग्निशामक, भिंतीवर लावून, बिलासकट. "एबीसी सगळीकडे चालतात हो, डोकं नका लावू." खजिनदार खूश झाले, कारण आकडा एकच आणि सुटसुटीत होता. मुखत्यार मात्र म्हणाले, देवस्थानचा पैसा आहे, उद्या मामलेदारांच्या कचेरीतून विचारणा झाली तर कुठे काय लावलं आणि का, ते सांगता आलं पाहिजे. त्यांच्या या सावधपणाची एरवी आम्ही थट्टा करतो. या वेळी तो उपयोगी पडला.

आमच्याच वाड्यावर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे विक्रेत्याचं कोटेशन घेऊन गेलो. त्यांनी ते वाचलं नाही. "किती घ्यायचे ते नंतर बघू. उद्या सकाळी वही घेऊन ये. कुठे काय जळू शकतं ते आधी लिहू."

सुरुवात जिन्याखालच्या जुन्या नळकांड्यांपासून झाली. भोंगावालं बिघडलेलं नव्हतंच. ते कार्बन डायऑक्साईडचं होतं, आणि त्याला काटा नसतोच. आत वायू दाबाखाली द्रवरूपात असतो, त्यामुळे थोडा गळला तरी दाब तेवढाच दिसतो. किती शिल्लक आहे हे वजन करूनच कळतं. अंगावर रिकामं वजन आणि भरलेलं वजन कोरलेलं असतं. भरलेल्या वायूच्या दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली की पुन्हा भरून घ्यायचं. धान्याच्या काट्यावर ठेवलं तर चांगलंच हलकं भरलं. शंकूच्या नळकांड्याला काकांनी हात लावू दिला नाही. त्यात सोड्याचं पाणी आणि वर कुपीत गंधकाम्ल असतं. गुंडी ठोकली की कुपी फुटते आणि तयार होणाऱ्या वायूच्या दाबाने पाणी उडतं. हा प्रकार केव्हाच बाद झालाय, आणि गंजलेल्या अंगात असा दाब तयार करणं म्हणजे आगीपेक्षा मोठं संकट.

मग रंगमंच. आमच्या जत्रेत दोन रात्री नाटकं असतात, गावातलीच मंडळी करतात. मखमली पडदे, लाकडी फळ्या, देखाव्यांचे रंगवलेले फ्लॅट, मेकअपच्या खोलीत कपड्यांचे ढीग. काकांनी वहीत "ए" लिहायला सांगितलं. लाकूड, कागद, कापड, गवत, जे जळून निखारा किंवा राख मागे ठेवतं ते सगळं ए वर्गात. या आगीला गारवा लागतो. ज्वाळा गेली तरी आत धग राहते, आणि ती पाण्याइतकी दुसऱ्या कशाने मरत नाही. म्हणून रंगमंचाच्या एका बाजूला नऊ लिटरचं पाण्याचं आणि दुसऱ्या बाजूला एबीसी पावडरचं, असं ठरलं. एबीसीतली पावडर मोनो अमोनियम फॉस्फेटची असते. ती तापल्यावर वितळून निखाऱ्यावर थर धरते, म्हणून ए वर्गालाही चालते. साधी डीसीपी, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या जातीची पावडर, हे करू शकत नाही. ती बी (पेट्रोल-डिझेलसारखे द्रव) आणि सी पुरतीच. दुकानात दोन्ही डबे सारखेच लाल दिसतात, तेव्हा अंगावरचं वाचूनच घ्यावं.

रंगमंचामागे लाईटचा पॅनल आणि साऊंडवाल्यांचं टेबल. इथं मी आपणहून "सी" लिहायला गेलो, कारण इंटरनेटवर तसं वाचलं होतं. काका हसले. ती अमेरिकेची पद्धत. तिथं सी म्हणजे वीज आणि के म्हणजे स्वयंपाकाचं तेल. आपल्या भारतीय मानकात सी म्हणजे जळणारा वायू, आणि स्वयंपाकाच्या तेलाचा वर्ग एफ. विजेला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही, कारण वीज जळत नाही. जळतं ते वायरचं आवरण, लाकूड, प्लास्टिक. मेन स्विच पाडला की ती साधी आग उरते. स्विच पाडता येत नसेल तर मात्र पाणी आणि फोम जवळ न्यायचा नाही, शॉक धारेवरून हातापर्यंत येतो. इथं कार्बन डायऑक्साईड किंवा क्लीन एजंट, म्हणजे मागे काही न ठेवता उडून जाणारा वायू. एबीसीही विजेवर चालतं, पण ती पावडर मिक्सरच्या बटणांखाली जाऊन बसते, आणि आपल्या हवेत, जिथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथं ओल धरून धातू खाते. आग विझून साऊंड सिस्टीम गेली तर बिल देवस्थानावर. तेव्हा जिन्याखालचंच भोंगावालं भरून आणून पॅनलजवळ लावायचं ठरलं.

त्यातही मेख आहे. कार्बन डायऑक्साईड हवेतला प्राणवायू हटवून आग मारतो, तसा माणसालाही गुदमरवतो. मेकअपची खोली लहान, खिडकी एक. तिथं मारायचा तर मारून लगेच बाहेर. भोंगा इतका थंड होतो की उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटते. आणि पडद्यावर मारला तर ज्वाळा जाते, गारवा मिळत नाही, दोन मिनिटांनी पडदा परत पेटतो. उघड्या मंडपात वारा असेल तर वायू उडूनच जातो.

गर्भकुडीपाशी, म्हणजे गाभाऱ्यापाशी, चर्चा लांबली. पुरोहित म्हणाले, "पावडर देवावर उडाली तर ते कसं चालेल?" प्रश्न श्रद्धेचा होता तसा व्यवहाराचाही. चांदीची प्रभावळ, पितळेच्या समया, जुनं कोरीव लाकूड. ओल धरलेली ती पावडर यांतलं काहीच सोडत नाही. तिथं जळण्यासारखं काय, तर वस्त्रं, फुलं आणि समईतलं थोडंसं तेल. काकांनी दारापाशी भरलेली पाण्याची कळशी कायम ठेवायला सांगितली, पण ती वस्त्रांसाठी. समई लवंडून तेल पेटलं तर वर पितळेचं ताट उपडं घालायचं. आणि गेल्या वर्षी कुणीतरी मखराला गुंडाळलेली चायना माळ काढून टाकायला सांगितली. पुरोहितांना ती आधीपासूनच नको होती. एबीसी चौकाच्या दाराशी, आत नाही.

आता स्वयंपाकघर. खरं तर सगळा लेख यावरच लिहायला हवा.

महाप्रसादाला आमच्याकडे पुऱ्या असतात. दोन मोठ्या कढया, दोन फुटांहून रुंद, गॅसच्या भट्टीवर. मुख्य आचारी वयाने मोठे, सगळे त्यांना आबा म्हणतात. काकांनी विचारलं, "आबा, तेल पेटलं तर काय करता?"

"काय करणार? ओलं गोणपाट टाकतो. बापाच्या वेळेपासून तेच."

"आणि सिलिंडरच्या नळीला लागली तर?"

"तिथंही तेच."

सिलिंडरपुरती आबांची रीत बरोबर आहे. नळीच्या तोंडाशी पेटलेल्या ज्वाळेवर ओलं जाड कापड गच्च दाबलं तर हवा तुटते, आणि तेवढ्यात हात घालून व्हॉल्व्ह बंद करता येतो. कढईवर मात्र तेच गोणपाट माणूस मारू शकतं. आपोआप पेटलेलं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं. गोणपाटातून निथळलेलं पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या जवळजवळ सतराशे पट जागा घेते. तेवढ्या जोराने पेटतं तेल वर आणि बाजूला उडतं. आबांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मग त्यांनीच आठवून सांगितलं की एका लग्नात असं तेल छपराला लागलं होतं. तेव्हा सगळ्यांनी आचाऱ्याच्या नशिबाला दोष दिला होता.

एबीसी मारला तर? ज्वाळा पडते. पण पावडर तेलाला थंड करत नाही. तेल अजून तेवढंच तापलेलं, पावडरचा ढग बसला की पुन्हा भडकतं. शिवाय जवळून मारलेल्या फवाऱ्याचा जोरच इतका की तेल कढईबाहेर सांडू शकतं. यासाठी वेगळं एक्स्टिंग्विशर असतं, वेट केमिकल. बाजारात "के टाईप" मागितलं की तेच देतात. अंगावर एफ वर्गाची खूण बघायची. आत पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं आणि लांब दांडीच्या तोंडातून ते बारीक तुषारांत हळू पडतं. गरम तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन वर साबणाच्या फेसासारखा थर तयार होतो. थर हवा तोडतो, पाणी तेल गार करतं. पोर्तुगीज काळातल्या आमच्या आज्या खोबरेल आणि क्षार आटवून घरी साबण करायच्या, रसायन तेच.

किंमत विचारली तर आमच्या कोटेशनमधल्या एबीसीच्या दुपटीहून जास्त निघाली. खजिनदारांचं म्हणणं, वर्षातून एकदा महाप्रसाद, त्यासाठी एवढं कशाला. यावर बैठकीत बराच वाद झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दहा एबीसीतले दोन कमी करा, पण हे घ्या. आमच्या संपूर्ण आवारात आग लागण्याची सर्वांत जास्त शक्यता जिथं, तिथंच ते दहाही कमी पडले असते. शेवटी एक घ्यायचं ठरलं.

त्याआधीचा उपाय मात्र स्वस्तातला निघाला. कढईवर बसेल एवढं झाकणच कुठे नव्हतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची दोन झाकणं करून घेतली, बाजूला लांब दांडा, म्हणजे हात ज्वाळेवरून न्यायला नको. गॅस बंद, झाकण सरकवून घालायचं, आणि तेल पूर्ण गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही. हे शेवटचं पाळणं सर्वांत कठीण, असं काका म्हणाले.

गॅसचे 19 किलोचे सिलिंडर भट्टीला चिकटून ठेवायची पद्धत होती. एलपीजी हवेहून जड, गळला तर जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत साचतो. स्वयंपाकघर अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली, आणि झरोके सगळे वर. सिलिंडर बाहेर पडवीत नेले आणि भिंतीला जमिनीलगत जाळीचा झरोका पाडला. सी वर्गाच्या आगीबद्दल काकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवायची नाही. जळणारा वायू दिसतो. विझवलेला वायू खोलीभर पसरतो आणि कुठल्यातरी ठिणगीने एकदम स्फोट होतो. माणसं बाहेर काढा, आजूबाजूचं पाण्याने गार ठेवा, 101 किंवा 112 ला फोन करा. नुसती गळती असेल तर गॅससाठी 1906 आहे.

जनरेटरकडे फार वेळ गेला नाही. डिझेल म्हणजे बी वर्ग, तिथं नऊ लिटरचा फोम. फोम तेलावर चादर अंथरतो. फक्त एक पाहुणा विषय निघाला. आमच्या एका महाजनांची सत्तरी तालुक्यात काजूच्या फेणीची भाटी आहे, त्यांनी विचारलं, फेणीच्या आगीला हाच फोम चालेल का? नाही चालत. दारूतलं अल्कोहोल पाण्यात मिसळणारं, ते साध्या फोमचा फेस मोडून टाकतं. त्याला अल्कोहोल सोसणारा वेगळा फोम लागतो, नाहीतर पावडर. त्यांनी तेव्हाच फोनवर लिहून घेतलं.

शोभेच्या दारूचा साठा ही आमच्या यादीतली शेवटची ओळ आणि तिथं काकांनी कुठलंच नळकांडं लिहिलं नाही. फटाक्यांच्या दारूत जळायला लागणारा प्राणवायू आतच मिसळलेला असतो. वरून पावडरने, फेसाने, वायूने कितीही झाका, ती आपली जळतच राहते. त्यामुळे तिथं विझवायच्या भानगडीत न पडता दूर पळायचं. उपाय एकच, साठा देवळापासून लांब, शेतातल्या एकट्या खोपीत, थोडाथोडा आणि मंडपापासून वेगळा. कंत्राटदार रुसला, त्याला अग्रशाळेची खोली सोयीची होती. यंदा ती दिली नाही.

एवढी वही भरल्यावर विक्रेत्याकडे गेलो तर त्याने भाव वेगळा लावला आणि सूरही. प्रत्येक नळकांड्यावर आयएसआयची खूण, आयएस 15683 हा क्रमांक आणि आगीच्या मापाचे आकडे आहेत का ते बघून घेतलं. अक्षराच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी मोठी आग ते विझवू शकतं. किलो सारखे असले तरी हा आकडा कमीजास्त असू शकतो. कुठूनही निघालं तरी 15 मीटरच्या आत एक्स्टिंग्विशर हाताला लागलं पाहिजे, असं मानक सांगतं. आमच्या सुताराने सुतळीला गाठी मारून ते अंतर मोजलं. काकांचा आग्रह जागेबाबत होता: भट्टीमागे नको, दाराच्या वाटेवर हवं. माणूस एक्स्टिंग्विशर घ्यायला जाताना आग आणि दार यांच्यामध्ये अडकता कामा नये.

प्रात्यक्षिक देवळामागच्या मळ्यात झालं. लोखंडी परातीत डिझेल, वर थोडं पेट्रोल. युवक मंडळाची मुलं पुढे होती, पण काकांनी आधी भजनी मंडळातल्या बायकांना बोलावलं, कारण जत्रेत स्वयंपाकघराच्या जवळ त्याच असतात. पहिल्या बाईंनी पिन ओढायच्या आधीच मूठ दाबून धरली, मग पिन निघेना. मूठ सोडून पिन ओढायची, वाऱ्याकडे पाठ करायची, तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी धरायचं, आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे न्यायचं. बायकांना हे लगेच जमलं. मुलं मात्र ज्वाळेच्या वरच पावडर उडवत राहिली. एक नळकांडं पंधरावीस सेकंदांत संपतं, हे बघून सगळेच चमकले. आपल्याला वाटतं पाच मिनिटं तरी चालेल. एकदा दाबलं की थोडंच वापरलेलं असलं तरी ते पुन्हा भरून घ्यावं लागतं, कारण पावडरचे कण झडपेत अडकून दाब हळूहळू निघून जातो.

आग खरंच विझली का ते बघत, तोंड आगीकडे ठेवून मागे सरकायचं, हेही शिकवलं. एका मुलाने पाठ फिरवली आणि परात पुन्हा पेटली. काकांनी ती मुद्दाम थोडी जळती ठेवली होती, असा माझा संशय आहे.

जत्रा सुरळीत पार पडली. वेट केमिकल वेळेत आलंच नाही, कंपनीकडून यायला उशीर, त्यामुळे महाप्रसाद पत्र्याच्या झाकणांवर निभावला. ते नंतर आलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लागलं. आता वहीच्या शेवटच्या पानावर तारखा आहेत: काटे बघायचे दर महिन्याला, वजन सहा महिन्यांनी, पावडर आणि पाण्याच्या नळकांड्यांची दाबाची चाचणी तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साईडची पाच. जनरेटरजवळच्या फोमच्या बुडाला पहिल्या पावसातच गंज दिसला म्हणून त्याला जमिनीवरून उचलून भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवलं. कमिटीची निवडणूक आली की वही पुढच्या चिटणिसाकडे जाईल. खजिनदारांनी भरून आणायच्या खर्चासाठी वेगळं सदर उघडलंय.

आबांनी गोणपाट अजून टाकलेलं नाही. ते पडवीत सिलिंडरांजवळ खिळ्याला टांगलंय, बादलीसकट. परवा भेटले तेव्हा म्हणाले, एक झाकण थोडं लहान पडतं, खतखत्याच्या भाजीच्या टोपावरही बसेल असं तिसरं करून घे.